रेवणची उन्हाळी फेलोशिप

दोष डॉक्टर मोघे सरांचा. आधीच सांगून टाकतो. नाहीतर गोष्ट संपल्यावर चार वडीलधारे पोट धरून हसणार आणि म्हणणार, "पोरगंच बिनडोक, सर बिचारे काय करतील?" सर बिचारे नव्हते. सर विभागप्रमुख होते.

तर एका गावात एक भोळा विद्यार्थी होता. नाव रेवण. गाव लातूरकडचं, कॉलेज तालुक्याचं, विषय अर्थशास्त्र. भोळा म्हणजे किती? मोठ्या माणसांनी सांगितलेलं तो खरोखर करायचा. लहानपणी बाप म्हणाला होता, "गुरुजींच्या शब्दाबाहेर जायचं नाही." झालं. एकदा गुरुजी पाढे म्हणायला सांगून मुख्याध्यापकांकडे चहाला गेले, ते तिकडूनच घरी गेले. रेवण दिवेलागणीपर्यंत पाढे म्हणत बसला. गावानं कौतुक केलं. "गुणी पोरगं." असल्या गुणी पोरांच्या जिवावरच आपल्याकडच्या मोठ्यांचं मोठेपण चालतं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि कॉलेजच्या फळ्यावर पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात लागली. 'अर्थशास्त्राची आवड असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधन फेलोशिप.' रेवणला आवड होती. खरीच होती. सोयाबीनचा भाव पडला की लग्नं पुढच्या वर्षावर का जातात, हे त्याला आठवीतच कळलं होतं. त्याच्या दत्तूमामाचा मंडपाचा धंदा होता ना.

रेवणनं अर्ज केला. निवड झाली. फेलोशिपच्या शेवटी प्रत्येकानं आपलं संशोधन मांडायचं होतं. ज्याचं सगळ्यात चांगलं, त्याला पदवीनंतर त्याच संस्थेत एम.ए.ची जागा, राहणं-जेवणासकट. बाप शाळेत शिपाई. तो म्हणाला, "जागा मिळाली तर शीक बाबा पुढं. नाही मिळाली तर बी.ए. कर आणि मामाच्या मंडपावर जा. मला यापुढं झेपणार नाही."

निघताना कॉलेजचे खंडागळे सर म्हणाले, "रेवण, तिथं मोठमोठी माणसं असतात. मोठ्या माणसांसमोर तोंड उघडायचं नाही. कळलं?"

"कळलं सर."

रेवणनं खूणगाठ बांधली.

पहिल्या दिवशी सगळी मुलं गोल करून बसली. मधे तिथले विभागप्रमुख, म्हणजे आपले मोघे सर. एकेकानं ओळख करून द्यायची होती. रेवणची पाळी आली.

"नाव काय तुझं?"

रेवण ओठ मिटून हसला.

"गाव?"

रेवण अजून थोडा हसला.

सर वाकले. हातवारे करून, एकेक शब्द तोडून म्हणाले, "तुला. ऐकू. येतं. का?"

रेवणनं मान हलवली. येतं.

सरांना भरून आलं. त्यांनी तिथल्या तिथं ऑफिसात सांगून टाकलं, "यंदाच्या अहवालात घ्या. आपल्याकडे एक मुका फेलो आहे. फोटो पहिल्या पानावर." फोटोग्राफर आला. सरांनी रेवणच्या खांद्यावर हात ठेवला. दोन-तीन कोनांतून फोटो निघाले.

दुपारी जेवताना रेवण वाढप्याला म्हणाला, "दादा, वरण वाढा थोडं."

सरांच्या हातातला घास हातात राहिला. "तू बोलतोस?"

रेवण परत गप्प. शेजारी ऋजुता नावाची मुलगी होती. तिनं कानाशी लागून विचारलं तेव्हा त्यानं तिला सांगितलं आणि तिनं सरांना सांगितलं, "सर, मोठ्या माणसांसमोर तोंड उघडायचं नाही असं त्याला सांगितलंय. वाढपी मोठे नाहीत, म्हणून त्यांच्याशी बोलला."

पहिल्या पानावरचा फोटो गेला म्हणून सरांना जास्त राग आला. "अरे, तू संशोधक आहेस की दगड? संशोधकानं विचारायचं असतं! समोर येईल त्याला विचारायचं. घरात माणसं किती, कमावतं कोण, मिळकत किती, संडास आहे का. लाजायचं नाही. कळलं?"

"कळलं सर."

रेवणनं खूणगाठ बांधली.

दुसऱ्या दिवशी फाटकात मोठी गाडी थांबली. आतून आप्पासाहेब उतरले. आप्पासाहेब संस्थेचे अध्यक्ष. अर्थशास्त्राशी त्यांचा संबंध एवढाच की संस्था ज्या जमिनीवर उभी होती ती त्यांच्या वडिलांची होती. सगळे हार घेऊन आत उभे होते. फाटकात रेवण होता.

"नमस्कार. घरात माणसं किती?"

आप्पासाहेबांना वाटलं, पोरगं आपुलकीनं चौकशी करतंय. "आम्ही दोघं, मुलं, सुना, नातवंडं. भरलं घर आहे."

"कमावतं कोण?"

"मुलंच बघतात आता सगळं."

"म्हणजे तुम्ही काहीच करत नाही."

"मी अध्यक्ष आहे."

"ते झालं. काम काय करता?"

आप्पासाहेब विचारात पडले. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

"बरं, राहू द्या," रेवण म्हणाला. "संडास घरात आहे की बाहेर जाता?"

हार हातात घेऊन मोघे सर धावत आले. तो हार आप्पासाहेबांच्या गळ्यात घातला आणि दुसऱ्या हातानं रेवणला झाडामागे ओढला.

"गाढवा! माणसाला असं तोंडावर विचारतात? तोंडावर विचारलं की माणूस खोटं बोलतो. आपण गुपचूप उभं राहून बघायचं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. याला निरीक्षण म्हणतात. कळलं?"

"कळलं सर."

रेवणनं खूणगाठ बांधली.

आता त्या फेलोशिपमध्ये संशोधन किती होतं आणि बाकीचं किती, हे सांगायला पाहिजे. सकाळी मुलं चर्चासत्राच्या खुर्च्या लावायची. संध्याकाळी त्याच खुर्च्या उचलायची. मधल्या वेळात कुणी सरांचे इस्त्रीचे कपडे आणायचं, कुणी सरांचा मोबाइल दुरुस्तीला न्यायचं. सर याला 'प्रत्यक्ष अनुभव' म्हणत. या सगळ्यातून वेळ उरला तर संशोधन. प्रत्येकाला एकेक विषय दिला होता. रेवणला मिळाला, 'ग्रामीण मुलं कॉलेज अर्ध्यात का सोडतात?' हा मुळात सरांचाच विषय. सर त्यावर कित्येक वर्षं लिहीत होते. कॉलेज सोडलेला मुलगा त्यांना अजून भेटायचा होता.

एके दिवशी सर म्हणाले, "रेवण, मंडईत जा आणि चांगली वांगी घेऊन ये. घरी पाहुणे आहेत."

रेवण सकाळी गेला तो दिवस कलल्यावर आला. पिशवी मोकळी.

"वांगी कुठायत?"

"मंडईत आहेत सर."

"आणली का नाहीस?"

"गुपचूप उभा राहून बघितलं. एक बाई वांग्यांना नावं ठेवत ठेवत दोन किलो घेऊन गेली. एक काका भाव करत होते आणि दुसऱ्या हातानं कोथिंबीर उचलत होते. मी बोललो नाही. हात लावला नाही."

आतून काकू ओरडल्या, "अहो, मसाला वाटून दुपारपासून झाकून ठेवलाय! भरू कशात, तुमच्या टोपीत?"

सरांचा आवाज चढला. "मूर्खा, बघत काय बसलास! बाजारात इतका विचार करायचाच नाही. डोळे मिटायचे, हात घालायचा, येईल ते उचलायचं. आपली आवडनिवड मधे आणायची नाही. जगभर असाच नमुना घेतात. कळलं?"

"कळलं सर."

त्या संध्याकाळी खुर्च्या उचलता उचलता ऋजुता म्हणाली, "रेवण, सरांचं प्रत्येक वाक्य पाळायचं नसतं रे."

"मग सांगतात कशाला?"

"सांगायची सवय असते त्यांना."

"आणि आपल्याला?"

"आपल्याला 'हो सर' म्हणायची."

रेवणला हे पटलं नाही. हो म्हणायचं आणि करायचं नाही, म्हणजे ते खोटं झालं. त्यानं खूणगाठ अजून घट्ट केली.

पुढं दिल्लीहून एक मोठे अर्थतज्ज्ञ व्याख्यानाला यायचे होते. सर म्हणाले, "रेवण, स्टेशनवर जा आणि पाहुण्यांना घेऊन ये." नाव सांगितलं नाही. फोटो दिला नाही. मोठ्या माणसांना वाटतं, मोठी माणसं आपोआप ओळखू येतात.

रेवण स्टेशनवर गेला. गाडी आली. गर्दी उतरली. रेवणनं डोळे मिटले, हात घातला आणि जो दंड हाताला लागला तो धरला. डोळे उघडून बघतो तर फेटा बांधलेला, मिशा पिळलेला एक गडी.

"चला सर, संस्थेत."

"जेवण आहे का?"

"आहे."

"मग चला की."

तो होता महादू. लग्नाच्या वरातीला घोडी पुरवायचा. नगरकडची सुपारी उरकून परत येत होता, घोडी मागून टेम्पोत होती. त्याला संस्थेत आणला, व्यासपीठावर बसवला, शाल घातली, नारळ दिला. मोघे सरांनी ओळख करून दिली. "यांच्याविषयी मी काय सांगावं!" हे त्यांनी खरंच सांगितलं. पुढं काहीच सांगता आलं नाही.

महादू उभा राहिला. समोर माईक. त्याला जे येत होतं ते तो बोलला.

"घोडी नवी असली की बँडला बुजते. लाथा झाडते. नवरदेव पडतो. तिच्या डोळ्यांना झापडं लावायची. मग काय वाजतंय, कोण नाचतंय, तिला काही दिसत नाही. नेऊ तिकडं जाते. एवढंच."

टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतले एक निवृत्त प्राध्यापक शेजाऱ्याला म्हणाले, "गुंतवणूकदाराचं किती नेमकं चित्र उभं केलं!" शेजारी म्हणाला, "आणि भाषा बघा, अगदी मातीतली." आप्पासाहेब झोपेत मान हलवत होते. मोघे सरांनी आभार मानताना 'झापडं' हा शब्द दोनदा वापरला.

आभार संपले तेव्हा खरे पाहुणे घामाघूम होऊन रिक्षातून उतरले. वॉचमननं त्यांना फाटकात अडवलं. "व्याख्यान संपलं साहेब. जेवायला आला असाल तर मागच्या दारानं."

महादू जेवून, शाल-नारळ घेऊन, मानानं गेला. मग रेवणची पाळी.

"सगळे शर्ट-पँटमधे आणि एकटा फेट्यात! तुला दिसलं नाही?"

सरांना तरी कुठं दिसलं होतं. पण ते सरांना कोण विचारणार?

"अरे, चार सारखे आणि एक वेगळा दिसला, की जो वेगळा तो चुकीचा. जो बाकीच्यांत बसत नाही, तो बाहेर काढायचा. अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे हा. कळलं?"

"कळलं सर."

रेवणनं खूणगाठ बांधली.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. रेवणचं काम चांगलं चाललं होतं. खुर्च्या उचलून झाल्या की तो चौकात जायचा. तिथं घरोघरी डबे-पार्सलं पोचवणारी पोरं गाड्या लावून बसायची. नांदेडची, परभणीची, त्याच्याच भागातली. अर्धीअधिक कॉलेज सोडून आलेली. ती रेवणशी बोलायची, कारण रेवण त्यांच्यासारखाच दिसायचा आणि मधेच मान डोलवून "इंटरेस्टिंग" म्हणायचा नाही. ऋजुतानं त्याचं लिहिलेलं वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाली, "जागा तुझीच आहे, रेवण. आता फक्त सरांपासून लांब राहा."

लांब राहणं जमलं नाही. समारोपाला आठवडा राहिला आणि सरांनी हाक मारली. "सभागृहातले फोटो पुसून घे."

भिंतीवर संस्थेच्या मोठ्या माणसांच्या तसबिरी होत्या. सगळ्यांना चंदनाचे हार. सगळे वारलेले. शेवटची तसबीर आप्पासाहेबांची. ते जिवंत, म्हणून हार नाही. रेवण शिडीवर चढला. बघत राहिला. सगळे हारात, एकटा बिनहाराचा. जो बाकीच्यांत बसत नाही, तो बाहेर.

त्यानं आप्पासाहेबांना खाली उतरवलं, पुसलं आणि फाटकाबाहेर नेऊन ठेवलं. भिंतीला टेकवून. झाडूच्या शेजारी.

दुपारी आप्पासाहेबांची गाडी आली. त्यांनी काच खाली केली. आधी स्वतःकडे बघितलं, मग झाडूकडे, मग संस्थेच्या पाटीकडे. काच वर केली. गाडी वळून परत गेली.

मोघे सर रडायचेच बाकी होते. "माझी मुदतवाढ होती रे त्यांच्या हातात!" मग ओरडले, "अरे, जरा त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघ! तू बाहेर बसून बघ कसं वाटतं! दुसऱ्यावर काय गुदरतं ते स्वतः केल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्यांचं ऐकून कसला संशोधक होतोस? आधी करून बघ! कळलं?"

या वेळी रेवणनं लगेच "कळलं" म्हटलं नाही. तो फाटकाबाहेर गेला. झाडूच्या शेजारी, फोटो होता तिथं बसला. बसून विचार केला. सरांचं बरोबर होतं. आपण इतक्या पोरांशी बोललो. सगळं त्यांचं ऐकलेलं. आपण स्वतः काय केलं?

आत येऊन म्हणाला, "कळलं सर."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं गावाकडे गेला.

तालुक्याच्या कॉलेजात साध्या बोनाफाईडला आठवडा लागतो. क्लार्क जेवायला गेलेला असतो, शिक्का प्राचार्यांकडे असतो, प्राचार्य मीटिंगला असतात. रेवण खिडकीशी गेला आणि म्हणाला, "टी.सी. पाहिजे. कॉलेज सोडायचंय."

क्लार्कनं मान वर केली नाही. "लायब्ररीचं पुस्तक आहे का?"

"नाही."

"सही कर."

प्राचार्य फोनवर होते. बोलता बोलता सही केली. सही करताना कागद बघितला, पोरगं बघितलं नाही. दारात खंडागळे सर भेटले.

"काय रे, टी.सी.?"

"मोघे सरांनी सांगितलंय, करून बघ म्हणून."

"अस्सं! मग करच. मोठ्या माणसांचं ऐकणारा कधी वाया जात नाही." सरांनी पाठ थोपटली. सुट्टी संपून कॉलेज उघडलं होतं, तासाची घंटा झाली होती, म्हणून ते कँटीनकडे गेले.

समारोपाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. आप्पासाहेबांची समजूत काढून झाली होती. त्यांची तसबीर आता सगळ्यात मोठी केली होती. आधी त्यांचा नातू ओजस बोलला, तोही यंदाचा फेलो. 'उन्हाळ्यात आइस्क्रीमची मागणी वाढते' असं त्यानं रंगीत आलेख काढून सिद्ध केलं. मग रेवण उभा राहिला.

रेवण चांगला बोलला. हे त्याला हसायला बसलेल्यांनीही ऐकून घ्यावं. चौकातल्या पोरांनी जे सांगितलं ते त्यानं मांडलं. शेवटी म्हणाला, "सगळे विचारतात, ही पोरं कॉलेज का सोडतात. पैसा नसतो, एस.टी. वेळेवर नसते, हे सगळं खरं आहे. पण एक कारण कुणी लिहीत नाही. ती सोडून जातात कारण जाताना त्यांना कुणी 'का' म्हणून विचारत नाही. बोनाफाईडला आठवडा लागतो. टी.सी.चा शिक्का वाळायच्या आत पोरगं रस्त्यावर असतं."

ऋजुता टाळ्या वाजवायला हात वर करून बसली होती. आप्पासाहेबसुद्धा जागे होते. त्यांनी विचारलं, "पण हे इतकं नक्की तुला कसं ठाऊक?"

रेवणनं खिशातून टी.सी. काढली, उलगडली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"करून बघितलं," तो म्हणाला. "मी कॉलेज सोडलं."

ऋजुताचे हात खाली आले.

मोघे सर उठले. सगळ्यांना वाटलं, आता ओरडणार. सर म्हणाले, "उत्तम. अगदी प्रत्यक्ष पुरावा." आणि टी.सी. झेरॉक्स काढायला ऑफिसात पाठवली.

ऑफिसनं झेरॉक्स काढता काढता ती वाचली. फेलोशिप पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी. रेवण आता कुठलाच विद्यार्थी नव्हता. सगळे फेलो विद्यार्थी, एकटा रेवण नाही. जो बाकीच्यांत बसत नाही, तो बाहेर. हा धडा संस्थेला रेवणपेक्षा चांगला पाठ होता. प्रमाणपत्र दिलं नाही. एम.ए.ची जागा आइस्क्रीमला गेली.

रेवण तरी हसतच होता. "सर, झालं करून. बघितलं. आता परत कॉलेजात जातो." गावी गेला, खिडकीशी उभा राहिला. या वेळी क्लार्कनं मान वर केली. "एकदा टी.सी. दिली की नाव कटलं. प्रवेश बंद झाले. मोठ्या सरांना भेट." मोठे सर मीटिंगला होते. ते रोजच मीटिंगला होते.

मोघे सरांना मुदतवाढ मिळाली. ते आता गावोगाव शिक्षणातल्या गळतीवर व्याख्यानं देतात. पडद्यावर रेवणची टी.सी. दाखवतात. नाव मात्र झाकतात, नैतिकतेचा प्रश्न असतो.

रेवणचं कॉलेज सुटलं. तो दत्तूमामाच्या मंडपात खुर्च्या लावतो.